तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमध्ये गेल्यावर करायचं काय?

बेळगावातल्या शहापुरात आमच्या गल्लीत कुणाला ख्रिस्ती घरातली लग्नपत्रिका आली, की ती घेऊन माणूस आधी आमच्या दारात येतो. "वहिनी चर्चच्या ना? मग सांगा, आत जाऊन करायचं काय? चप्पल कुठं काढायची? ते काहीतरी खायला देतात, ते घ्यायचं का?" माझी बायको आंध्रातल्या गुंटूरची, घराणं लुथरन, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या पंथातलं ख्रिस्ती. शिकायला बेळगावात आली आणि इथलीच झाली. तिच्यापेक्षा मलाच जास्त विचारतात, कारण मीही एकदा तिथं नवखा म्हणून बसलोय. दर वेळी तोंडी सांगून दमलो, आता लिहूनच टाकतो. मात्र हे सगळं गुंटूरकडच्या जुन्या वळणाच्या लुथरन उपासनेबद्दल. आपल्या बेळगावच्या कॅम्पात किंवा गोव्याकडे गेलात तर थोडं वेगळं दिसेल.

"म्हणजे कॅथलिक का?" हा ठरलेला प्रश्न. नाही. मार्टिन ल्युथर मूळचा कॅथलिक मठातला संन्यासी, जर्मनीतला. पैसे घेऊन पापक्षमेची पत्रं वाटायची पद्धत त्याला खटकली, 1517 साली त्यावर त्यानं जाहीर वाद मांडला आणि पुढं वाट वेगळी झाली. पण वेदी, मेणबत्त्या, पाळकांचा म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूंचा झगा, उपासनेचा क्रम यातलं बरंच त्यानं राहू दिलं. भाषा मात्र बदलली. 1526 मध्ये त्यानं लॅटिनऐवजी जर्मनमधला उपासनाक्रम छापला आणि गाणी सगळ्या लोकांच्या तोंडी दिली. गुंटूरला हा पंथ 1842 साली अमेरिकेतून आलेल्या हायर नावाच्या मिशनऱ्यानं नेला. तिथं उपासना तेलुगूत. म्हणजे आपल्यासारख्यांची पंचाईत तिथंच सुरू होते.

लग्नानंतर पहिल्यांदा आईला घेऊन निघालो. हुबळीहून रात्रीची रेल्वे. आईच्या पिशवीत कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा, नारळ आणि हार. "देवाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं होय?" सासूबाईंनी नारळ हसत स्वयंपाकघरात ठेवून घेतला, दुपारी त्याची चटणी झाली. हार बायकोच्या वहिनीच्या केसात गेला.

चपलांचं सोपं आहे. दाराशी ढीग दिसला तर काढायच्या, नाहीतर घालूनच आत जायचं. आमच्या त्या चर्चच्या पायरीवर ढीग होता. आत एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, आम्ही तिघं मात्र एकत्रच बसलो. बहुतेक बायकांच्या डोक्यावर पदर, तो आईनं न सांगताच घेतला. मग तिची नजर भिंतीवरच्या लाकडी फळीवर गेली. फळीवर नुसते आकडे लावलेले, एकाखाली एक. मला हळूच म्हणाली, "अभिषेकाचे दर लावलेत काय रे?" ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक होते. प्रत्येकाजवळ गीतांचं पुस्तक असतं, आकडा बघायचा, पान काढायचं. तुमच्याजवळ नसलं तर शेजारचा माणूस आपलं पुढं सरकवतो. वाचता आलं नाही तरी पुस्तकाचं एक टोक धरून उभं राहायचं.

सुरुवातीलाच सगळे गुडघ्यावर येतात. एका सुरात पापांची कबुली दिली जाते आणि मग पाळक मंडळींकडं तोंड करून क्षमेची घोषणा करतात. बायकोनं कानात अर्थ सांगितला तेव्हा आई चकित झाली. "माफी सुरुवातीलाच? मग पुढं दोन तास काय?" बायकोला हा प्रश्न इतका आवडला की ती अजून माहेरी सांगते. कारण ल्युथरचं भांडण नेमकं यावरच होतं. आधी पुण्य साठवा आणि मग क्षमा मिळवा, असं नाही. ती आधी फुकट मिळते, पुढचं सगळं त्यानंतर. आम्ही आपले नवस फेडायला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाणारी माणसं, आईला ते चटकन पटलं असं म्हणणार नाही.

पुढं वाचनं होतात. शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, वाचताना सगळे उभे राहतात, विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, तेव्हाही उभेच. ते उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे दुखत असतील तर बसून राहायचं, कुणी वळून बघत नाही. प्रवचन लांब असतं, तिथं माझा निरुपाय. दानाची पिशवी फिरते तेव्हा पाहुण्यानं काही टाकलंच पाहिजे असं नाही.

भाषेचं म्हणाल, तर सीमाभागातल्या माणसानं त्याला घाबरू नये. आपण कन्नडमधला फॉर्म शेजाऱ्याकडून भरून घेतो, मराठीत भांडतो आणि बसचा बोर्ड अंदाजानं वाचतो. अर्धं कळून निभावून नेणं आपल्या अंगवळणी पडलंय. शिवाय इथं क्रम ठरलेला असतो. गणपतीत मंत्रपुष्पांजली सुरू झाली की हातातली फुलं सावरायची, हे शब्द न कळणाऱ्या पोरालाही माहीत असतं, तसंच. दुसऱ्या रविवारी मला पुढं काय येणार ते आधीच कळायला लागलं.

आता त्या खाण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच. त्याला प्रभुभोजन म्हणतात आणि ते दर रविवारी असेलच असं नाही. त्या दिवशी होतं. पाळक वेदीपाशी काहीतरी म्हणत होते. आई कान देऊन ऐकत होती. "काय म्हणूलालेत गा हे?" आणि मग एकदम, "रोट्टी म्हणाले की! भाकरीचं सांगूलालेत." तेलुगूतला 'रोट्टे' तिच्या कन्नडच्या कानानं बरोबर टिपला होता. येशूनं शेवटच्या रात्री भाकर मोडून शिष्यांना दिली, तेच शब्द चालले होते.

लोक पुढं जाऊन गुडघे टेकायला लागले, तशी आईही उठली. प्रसाद म्हटल्यावर मागं बसून राहणं तिला जमणारं नव्हतं. उजवा हात वर, डावा खाली अशी ओंजळ धरून वेदीपुढं जाऊन उभी. मला घाम फुटला. कारण ही मंडळी यात फार काटेकोर असतात. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला स्वित्झर्लंडच्या झ्विंग्ली नावाच्या धर्मसुधारकाशी वाद झाला तेव्हा ल्युथरनं 'हे माझं शरीर आहे' हे भाकरीबद्दलचं येशूचं वाक्य खडूनं टेबलावर लिहून ठेवलं होतं आणि त्यातल्या 'आहे'वरून तो हटला नाही. त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे असं ते मानतात, त्यामुळे बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी आपला विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेल्यांनीच ती घ्यायची. बाकीच्यांनी जागेवर बसायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. तुम्हाला काय करावं कळलं नाही तर आधीच पाळकांना विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं.

पाळकांनी आईच्या कपाळावरचं कुंकू बघितलं, ओंजळ बघितली. भाकरीची चकती दिली नाही. तिचे पसरलेले हात स्वतःच्या हातांनी हळूच मिटवले, डोक्यावर हात ठेवला आणि काही शब्द म्हणाले. आई परत येऊन बसली. "प्रसाद संपला वाटतं," म्हणाली, "पण आशीर्वाद चांगला दिला बघ." मी तिला खरं काय ते रेल्वेत सांगितलं. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग बरोबर केलं त्यांनी. आपल्याकडं तरी सोवळ्यात कुणालाही घेतात होय?"

शेवटी आशीर्वाद झाला की दाराशी सगळे 'वंदनालु' म्हणत हात जोडतात. आपणही 'वंदन' म्हणायचं, भागतं. आईनं तिथंच कुंद्याचा डबा उघडला आणि पहिला तुकडा पाळकांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाऊन दुसरा मागितला.

परवा मागच्या गल्लीतल्या काकू पत्रिका घेऊन आल्या तेव्हा मी घरी नव्हतो. आईनंच उत्तर दिलं म्हणे. "फळीवरचे आकडे दर नव्हेत. भाकरी वाटतात तेव्हा उठू नको. आणि नारळ नको नेऊस, कुंदा ने."