सगळीकडून सारखं, तरी गोल नाही

वर्तुळाबद्दल मुलांना मी काय सांगते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या युनिटमध्ये आयटीआयची मुलं अप्रेंटिस म्हणून आली की कोणीतरी विचारतंच, "ताई, एकदम परफेक्ट गोल जॉब (म्हणजे मशीनवर घडवलेला भाग) कधी निघतो का?" आणि लोकमान्यनगरला आमच्या इमारतीतली दहावीची मुलं तोच प्रश्न भूमितीच्या बाजूने विचारतात: काकू, खरं वर्तुळ जगात कुठेच नसेल, तर आम्ही शिकतो त्या वर्तुळाचा जगाशी संबंध काय?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. नाही. मी क्वालिटीत आहे, पिना (लहान गोल सळ्या), शाफ्ट (फिरणारे दांडे), बुश (दांड्याभोवती बसणाऱ्या नळ्या) तपासते, आणि माझ्या टेबलावर आलेला एकही जॉब वर्तुळ नव्हता. कोणी दोन मायक्रॉनने बाहेर, कोणी वीस. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) किलोग्रॅमची व्याख्या बदलण्याच्या कामासाठी शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचे सुमारे 94 मिलिमीटर व्यासाचे गोळे केले. माणसाने घडवलेल्या सर्वांत गोल वस्तूंमध्ये ते मोजले जातात, आणि त्यांच्यावरही नॅनोमीटरमध्ये (मायक्रॉनच्या हजाराव्या भागात) का होईना, चढउतार आहेतच.

दुसरा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो, आणि त्याचं उत्तर द्यायला मला एक पिन लागते.

सेंटरलेस ग्राइंडिंग या घासून गोल करण्याच्या पद्धतीत पिन कुठल्याही सेंटरवर धरलेली नसते. एका बाजूला घासणारं चाक, दुसऱ्या बाजूला पिन फिरवणारं चाक, खाली टेकू देणारी पट्टी. काम झपाझप होतं. पण सेटिंग करताना पिन दोन्ही चाकांच्या बरोबर मध्यरेषेवर बसली, तर गडबड होते. पिनेवरचा उंचवटा फिरवणाऱ्या चाकाला टेकला की पिन तेवढीच समोर ढकलली जाते आणि नेमक्या समोरच्या बाजूला खळगा घासला जातो. उंचवट्यासमोर खळगा, खळग्यासमोर उंचवटा. अशी पिन मायक्रोमीटरमध्ये (दोन जबड्यांत धरून जाडी मोजायच्या साधनात) धरा, फिरवा, पुन्हा मोजा. आकडा तसूभरही हलत नाही. व्यास सगळीकडून सारखा, आणि पिन गोल नाही.

नवी मुलं यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण शाळेत व्यास सारखा म्हटला की वर्तुळच डोळ्यांसमोर येतं. मग मी कागदावर 10 सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढते. प्रत्येक शिरोबिंदूवर कंपासचं टोक ठेवून समोरच्या दोन बिंदूंमध्ये कंस मारते. जो फुगीर त्रिकोण तयार होतो तो एकोणिसाव्या शतकातले जर्मन इंजिनियर फ्रान्झ रूलो यांच्या नावाने ओळखला जातो. दोन समांतर पट्ट्यांमध्ये तो कसाही फिरवा, पट्ट्यांमधलं अंतर 10 सेंटिमीटरच राहतं. इतकंच नाही, त्याच्याभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजलात तर तोही 10 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाइतकाच, 31.4 सेंटिमीटर भरतो. ज्या आकाराची रुंदी सगळीकडून सारखी, त्याचा परीघ रुंदीच्या पाय (π, सुमारे 3.14) पटच असतो, हे बार्बिए या फ्रेंच गणितज्ञाने 1860 मध्ये सिद्ध केलं. म्हणजे पायवरही वर्तुळाची एकट्याची मालकी नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नव्हती.

(पाय किती आकड्यांपर्यंत घ्यायचा, हेही विचारलं जातं. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती'त दोन किमती दिल्या: व्यवहारासाठी 22/7 आणि सूक्ष्म कामासाठी 3927/1250. या किमती 100 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला लावून बघा. पहिलीने परिघात सुमारे 126 मायक्रॉनचा फरक पडतो, दुसरीने एक मायक्रॉनसुद्धा नाही. आमच्या बहुतेक ड्रॉइंगना ती दुसरी किंमत आजही पुरेल.)

मग त्या फुगीर त्रिकोणात कमी काय आहे? मध्य. असे रोलर करून त्यांच्यावर फळी ठेवली तर फळी वरखाली न होता सरळ सरकते. पण त्याच आकाराचं चाक करून मधोमध भोक पाडा, आस घाला, आणि गाडी चालवा. मधल्या बिंदूपासून टोक 5.77 सेंटिमीटरवर आणि कंसाचा मध्य 4.23 सेंटिमीटरवर, त्यामुळे दर फेरीत आस तीनदा उसळते. एका बिंदूपासून समान अंतरावर असलेले सगळे बिंदू, ही पुस्तकातली व्याख्या मुलं घोकून टाकतात. तिच्यातला महत्त्वाचा भाग 'एका बिंदूपासून' हा आहे. मायक्रोमीटरला तो बिंदू माहीतच नसतो. तो फक्त आमनेसामनेच्या दोन बाजू पकडतो.

आमच्याकडे यावर जुना उपाय आहे. पिन व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही अक्षरासारखी खाच असलेल्या ठोकळ्यात) ठेवायची, वरून डायल (सुईने चढउतार दाखवणारं साधन) टेकवायचा आणि पिन हाताने सावकाश फिरवायची. आता पिनेला एकदम तीन ठिकाणी स्पर्श होतो. तीन उंचवट्यांची पिन 60 अंशांची खाच असलेल्या ब्लॉकवर फिरवली तर सुई प्रत्यक्ष चढउताराच्या तिप्पट हलते. पण लंबगोल पिन त्याच ब्लॉकवर ठेवलीत तर सुई जवळपास जागची हलत नाही, आणि ती पिन मायक्रोमीटर लगेच पकडतो. मी दोन्ही पिना आणि दोन्ही साधनं मुलांच्या हातात देते आणि काही सांगत नाही. कुठल्या साधनाला काय दिसत नाही, ते त्यांचं त्यांनाच सापडलेलं बरं.

नेमकं मोजायचं तर राउंडनेस मशीन लागतं. जॉब फिरत्या टेबलावर, त्याला टेकलेली बारीक सुई, आणि स्क्रीनवर हजारो पट मोठा करून दाखवलेला वेडावाकडा घेर. त्या घेरातून संगणक एक आदर्श वर्तुळ बसवतो, आणि जॉब त्यापासून कुठे किती बाहेर आणि कुठे किती आत आहे ते सांगतो. दहावीच्या मुलांना मी सांगते ते हेच. ते वर्तुळ जॉबमध्ये नसतं, ते गणितातून आणलेलं असतं. पण ते मध्ये ठेवल्याशिवाय जॉबबद्दल एक वाक्य धड बोलता येत नाही.

आणि मग खरी गंमत सुरू होते, कारण बिघाडालाही आकार असतो. फ्रेंच गणितज्ञ फूरियेने 1822 मध्ये उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलेली रीत वापरून तो वेडावाकडा घेर साध्या लाटांमध्ये सुटा करता येतो: फेरीत दोन उंचवट्यांची लाट, तीनची, पाचची, पन्नासची. यातली प्रत्येक लाट म्हणजे वर्तुळावर एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या बिंदूची वरखाली होणारी उंची. वर्तुळातून ढळलेलं मोजायलाही पुन्हा वर्तुळंच! तीनची लाट मोठी निघाली आणि जॉब पातळ रिंग असेल, तर मी आधी लेथवर (जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनवर) जाऊन जॉब धरणारा तीन जबड्यांचा चक बघते. चक जास्त आवळला की रिंग दबते, दबलेल्या स्थितीत आतून गोल कापली जाते, आणि सोडल्यावर ताण निघून तीन ठिकाणी वाकडी होते. बारीक दाट लाटा असतील तर कापणारं टूल थरथरतंय. आकृती बघून कुठल्या मशीनवर जायचं ते कळतं.

हे फक्त कारखान्यात होत नाही. मंगळाची कक्षा आदर्श वर्तुळापासून इतकी थोडी ढळलेली आहे की तिची छोटी रुंदी मोठ्या रुंदीपेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने टायको ब्राहेने केलेल्या ग्रहांच्या निरीक्षणांशी वर्तुळाचं गणित जुळवलं तेव्हा 8 कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तफावत उरली, म्हणजे आकाशात पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पावपट. त्याने ती सोडून दिली नाही. 1609 मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा मांडली गेली ती त्या तफावतीच्या मागे लागल्यामुळे. हाताशी वर्तुळ नसतं तर 8 कला कशापासून मोजल्या असत्या? पृथ्वीही अशीच गोलापासून ढळलेली आहे: तिची त्रिज्या विषुववृत्तावर ध्रुवांपेक्षा सुमारे 21 किलोमीटरने जास्त आहे, आणि तो फुगवटा ती स्वतःभोवती फिरते म्हणून आहे.

मग जग वर्तुळाच्या इतकं जवळ येतंच का, असा पुढचा प्रश्न येतो. त्यासाठी मी तलावपाळीवर जायला सांगते. तिथल्या मासुंदा तलावाच्या संथ पाण्यात गोल खडा टाका किंवा चौकोनी खडा टाका, थोडं लांब गेल्यावर लाटा गोलच दिसतात. पाण्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. लाट सगळ्या दिशांना एकाच वेगाने जाते, तेवढ्याच वेळात तेवढंच अंतर कापते, आणि एका बिंदूपासून समान अंतर ही व्याख्या आपोआप पाण्यावर उमटते; जशी लाट पसरते तसा खड्याचा आकार तिच्यापुढे नगण्य होत जातो. तेच कळव्याच्या पुलाखाली खाडीत ओहोटीच्या वेळी पाहिलंत तर अख्खं वर्तुळ प्रवाहाबरोबर सरकताना दिसेल. जिथे कुठलीच दिशा वेगळी नाही तिथे वर्तुळ येतं, आणि जिथे ते मोडतं तिथे कुठली तरी दिशा वेगळी पडलेली असते: चकचा जबडा, तलावाचा एका बाजूला उथळ असलेला तळ, स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी.

घरी करून बघायला मशीन लागत नाही. जाड पुठ्ठ्यावर 10 सेंटिमीटरचा तो फुगीर त्रिकोण आखा आणि मुलांना कापू द्या. दोन पट्ट्यांमध्ये फिरवून घ्या. मग मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल अडकवा, भिंतीला कागद लावा आणि तुकडा भिंतीलगत टेबलावरून लोळवा. रेघ दीड सेंटिमीटर वरखाली होईल. तेवढ्याच रुंदीचं वर्तुळ कापून त्याच कागदावर दुसरी रेघ काढा. मध्य जरासा चुकला असेल तर तीही थोडी वरखाली होईल, आणि किती चुकला ते त्या रेघेवरून मुलांना मोजता येईल.