गंधकाची कड

आमच्या प्रयोगशाळेत बारा कॉम्प्युटर आहेत, त्यातले नऊ चालतात. त्या शनिवारी एस.वाय.च्या सत्तावीस मुलामुलींना तीन-तीनच्या गटांत बसवलं आणि प्रत्येक गटाला पेनड्राइव्हवरून तीन फाइली दिल्या. हबल दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेला गरुड तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, प्रत्येक फाइलीत एकेका मूलद्रव्याच्या प्रकाशातला. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी ज्यावरून 'पिलर्स ऑफ क्रिएशन' हे त्यातल्या खांबांसारख्या धुळीच्या आकारांचं चित्र तयार केलं, तोच हा डेटा. तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. कॉलेजच्या नेटचा भरवसा नसल्यामुळे मी तो आदल्या रात्री घरीच उतरवला होता, आणि फाइलींची लांबलचक नावं काढून 'गंधक', 'हायड्रोजन', 'ऑक्सिजन' अशी सुटसुटीत नावं दिली होती. पुढचं सगळं रामायण या नावांमुळे घडलं.

फाइल उघडली की मुलांचा हिरमोड ठरलेला. पोस्टरवर पाहिलेलं ते झगमगतं चित्र कुठेच नसतं, सगळं करडं. "सर, कोपरा कापला गेलाय," हेही दरवर्षीचंच. त्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या आणि त्यातली एक लहान भागच टिपायची, पण जास्त बारकाईने. म्हणून चित्राला जिन्यासारखी पायरी पडते.

मग रंग. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. इथे वर्गात जान येते. पट्ट्या सरकवायच्या, उजेड वाढवायचा, शेजारच्या गटात डोकावायचं. मी तेवढ्यात फळ्यावर लिहीत होतो: गंधकाचा पहिला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते, हायड्रोजनला १३.६ लागतात, आणि इथला ऑक्सिजन तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, त्यातल्या दुसऱ्यासाठी ३५. त्यामुळे जवळच्या तरुण ताऱ्यांच्या प्रखर अतिनील किरणांत न्हाऊन निघालेल्या मोकळ्या वायूत ऑक्सिजन चमकतो. गंधक मात्र खांबांच्या अगदी सालीशी, जिथवर कमी ऊर्जेचे किरण पोहोचतात तिथे. वायू त्या सालीवरून सतत उकळून उडतो आहे. डावीकडचा खांब सुमारे चार प्रकाशवर्षं उंच आहे, म्हणून ही झीज आपल्याला गोठल्यासारखी वाटते, एवढंच.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने रंगांना हातच लावला नव्हता. त्याचे दोन्ही जोडीदार दुसऱ्या गटात जाऊन बसले होते. हा तिन्ही करड्या चित्रांकडे आळीपाळीने पाहत होता. मला वाटलं, कंटाळलाय. विचारलं तर खाली बघून म्हणाला, "सर, मला लाल-हिरवं नीट कळत नाही." एका भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही, तेव्हा त्याला ते पहिल्यांदा समजलं होतं. मी काहीतरी समजुतीचं बोलून पुढे सरकणार, एवढ्यात तो म्हणाला, "पण सर, एक विचारू? तुम्ही म्हणताय गंधक सालीला. मग इथे ऑक्सिजनच्या फाइलीत कड एवढी धारदार कशी? आणि गंधकाच्या फाइलीत खांब नुसते सावलीसारखे काळे आहेत."

मी वाकून पाहिलं. फाइलीसोबत येणारी माहिती उघडली. 'ऑक्सिजन' नाव दिलेल्या फाइलीत फिल्टर होता ६७३ नॅनोमीटरचा, म्हणजे गंधकाचा. रात्री झोपेत मी दोन नावांची अदलाबदल केली होती.

आठ पडद्यांवर निळसर कडांचे खांब आणि तांबूस आकाश झळकत होतं. मूळ चित्रात आकाश निळं-हिरवं आहे, हे मला पाठ आहे. तरी तासभर फिरून मी प्रत्येकाला "छान, छान" म्हणत आलो होतो. मुलांनी पट्ट्या वेड्यावाकड्या ओढल्या असतील, असं गृहीत धरून. चित्र देखणं होतं ना, मग तपासणार कोण!

चूक वर्गाला सांगितली. थोडा हशा, थोडी कुरकुर, आणि सगळ्यांनी पुन्हा सुरुवात केली. तो मुलगा अजून हिशेब लावत होता. हायड्रोजनचा फिल्टर किती, त्याने विचारलं. ६५६, मी म्हणालो.

"आणि गंधक ६७३. मग हिरवा कुठून आला? दोन्ही लालच की."

"दोन्ही लालच. वेगळे दिसावेत म्हणून एकाला हिरवा दिलाय."

"म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तुम्हालाही ते वेगळे ओळखता आले नसते?"

"नसते."

तो हसला नाही, पण खुर्ची पुढे ओढून बसला. मग मी त्याला जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ साली टिपलेलं त्याच खांबांचं चित्र दाखवलं. ते अवरक्त प्रकाशातलं, म्हणजे त्यातला एकही मूळ रंग कुणाच्याच डोळ्याला दिसणारा नाही. धूळ विरळ होऊन आत-मागचे तारे उघडे पडतात, आणि कडांशी नुकते जन्मणारे तारे लालबुंद ठिपक्यांसारखे दिसतात. त्याने ते चित्र लगेच करडं करून घेतलं.

जाताना त्याने गंधकाच्या फाइलीची, खऱ्या गंधकाच्या, प्रिंट मागितली. आमचा प्रिंटर काळा-पांढराच आहे.