मेटालिका, एकामागून एक

आज सुट्टी होती म्हणून मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे अल्बम हेडफोन लावून ओळीने ऐकले. १९८६ चा मास्टर ऑफ पपेट्स संपल्यावर लगेच १९८८ चा अँड जस्टिस फॉर ऑल लावला तर पहिल्या मिनिटातच वाटतं अरे बेस गेला कुठे?? गिटार कोरडी, ड्रम्स टकटक करणारे, आणि जेसन न्यूस्टेड बेस गिटार वाजवतोय पण मिक्समध्ये त्याला इतकं खाली ढकललंय की कान देऊनही सापडत नाही. आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनला बस अपघातात गेला आणि त्याच्या जागी आलेल्या पोराचं हे असं व्हावं याचं मला आजही खरंच वाईट वाटतं, कारण गाणी काय जबरदस्त आहेत, दोन तर नऊ मिनिटांच्या वर, ताल सारखा बदलत राहतो.

मग १९९१ चा ब्लॅक अल्बम. प्रोड्युसर बॉब रॉक, गाणी छोटी, वेग कमी, पण साउंड काय भरलाय राव! बेस थेट छातीत लागतो. जुने फॅन्स म्हणतात इथे बँड विकला गेला, मला नाही पटत.

सेंट अँगर (२००३) मध्ये स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा, गिटार सोलो एकही नाही, अर्ध्यात बंद केला. डेथ मॅग्नेटिक (२००८) ची गाणी चांगलीयेत पण आवाज इतका चढवून मास्टर केलाय की फाटतो, कान थकतात. तीच गाणी गिटार हिरो गेमच्या व्हर्जनमध्ये कितीतरी मोकळी वाजतात, ज्यांना हा अल्बम आवडला नाही त्यांनी ते नक्की ऐका.