काका, पुतण्या आणि भुयार

काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणसाला १७७३ सालचा शनिवारवाडा आठवतो, नाहीतर राजकारण. त्यामुळं २००८ सालच्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’मध्ये काका पुतण्याला घेऊन आइसलँडच्या पोटात उतरतो, तेव्हा आमच्या आईला त्या पोराचीच काळजी वाटली. इथं मात्र सगळं उलटं. पोराचा बाप पूर्वीच बेपत्ता झालेला, आणि त्यानं टिपणं करून ठेवलेली ज्यूल व्हर्नची १८६४ सालची कादंबरी हाच या दोघांचा नकाशा. व्हर्नच्या मूळ गोष्टीतही काका-पुतण्याच आहेत. दोन्हीकडं सुखरूप वर येतात, हे विशेष.

मला अशा सिनेमांत खालच्या जगापेक्षा खाली जायची वाट जास्त आवडते. डायनासोर काय, कुठंही भेटतो. पण दगड सरकला, बॅटरीचा झोत आत पडला आणि पुढं नुसता काळोख, की मी सरसावून बसतो. कोल्हापुरात वाढल्याचा परिणाम असावा. आमच्याकडं प्रत्येक जुन्या वाड्यातनं एक भुयार निघतं. ते एकतर अंबाबाईच्या देवळात जातं, नाहीतर थेट पन्हाळ्यावर. त्यातनं घोडेस्वार सहज जायचा म्हणे. सांगणारा स्वतः कधी आत गेलेला नसतो. गेलेला असतो त्याचा आजा, आणि तोंड आता बुजवलेलं असतं.

सिनेमा बघितल्यावर पुतण्याला पन्हाळ्याच्या अंधारबावेत न्यावंच लागलं. तीन मजली, काळ्या दगडाची विहीर. भर उन्हातनं आत शिरलं की अंगावर गारवा येतो. त्यानं माझा मोबाईल घेतला आणि उजेड खाली मारला.

“काका, हितनं खाली खाली गेलं तर?”

“पाणी लागंल.”

“त्याच्या खाली?”

त्याच्या खाली काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर. कोयनेच्या बाजूला भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. तिथं सव्वा किलोमीटरच्या आसपास हा कातळ संपून ग्रॅनाइट लागला. रशियातल्या कोलामध्ये तर १२,२६२ मीटरपर्यंत गेले. तळाशी उष्णता १८० अंशांवर पोचली आणि पुढचं खोदणं अवघड झालं. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. म्हणजे माणसानं अजून रश्श्यावरचा तवंगसुद्धा नीट बाजूला सारलेला नाही.

सिनेमावाल्यांनाही उष्म्याची कल्पना आहे, नाही असं नाही. खाली पारा चढायला लागतो आणि मंडळी डायनासोरच्या कवटीत बसून व्हेसुव्हियसमधून इटलीत उसळतात. व्हर्नचे लोक स्ट्रॉम्बोलीतून बाहेर पडले होते, तेही इटलीतच. यात मला खरी शहाणी वाटली ती हॅना. ही त्यांची वाटाडी, आणि निघायच्या आधी ती पैशाचं बोलून घेते. गडावरच्या गाइडलाही हे शिकवावं लागत नाही.

पुतण्याच्या डोक्यात मात्र इटलीच बसली होती.

“आपण हितनं उतरलो तर वर कुठं निघायचं?”

मी समोरच्या डोंगराकडं बोट केलं. “जोतिबाला.”

त्यानं मोबाईल परत दिला. “मग गाडीवरनंच जाऊया की! भुयार कशाला?”