तुम्ही विचारलंत म्हणून: बार्साचा फॅन म्हणजे स्वतंत्र कॅटलोनियावाला का?

कोल्हापूरला गेले की हा प्रश्न ठरलेला, फोनवरसुद्धा. "तू बार्सिलोनात राहतेस ना, मग तिकडे जो बार्साचा फॅन तो वेगळा देश मागणारा, असंच असतं ना?" (बार्सा म्हणजे इथला एफसी बार्सिलोना हा फुटबॉल क्लब, आणि कॅटलोनिया म्हणजे स्पेनमधला हा प्रांत, बार्सिलोना त्याची राजधानी.) दर वेळी दोन मिनिटांत काहीतरी सांगून मोकळी होते आणि नंतर वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं, म्हणून आज बसून लिहितेय.

उत्तर नाही असंच आहे. पण म्हणून "खेळाचा आणि राजकारणाचा काय संबंध" असं कुणी म्हणालं तर तेही मला अजिबात पटत नाही. 1925 च्या जूनमध्ये बार्साच्या तेव्हाच्या मैदानावर लोकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या तर सरकारने काही महिने मैदानच बंद केलं, आणि ज्यांनी क्लब काढला ते गाम्पर, मूळचे स्वित्झर्लंडचे, त्यांना क्लब सोडावा लागला. 1936 मध्ये क्लबचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना, पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या सैनिकांनी मारलं. मग फ्रँकोच्या काळात क्लबचं नावसुद्धा स्पॅनिश वळणाचं करायला लावलं, कॅटलान भाषा शाळांतून, ऑफिसांतून बाहेर काढली. आमच्या बिल्डिंगमधल्या आजी सांगतात की त्यांचे वडील घराबाहेर मोठ्या आवाजात कॅटलान बोलायचे ते फक्त मॅचला, कारण एवढ्या गर्दीत कोण कुठल्या भाषेत ओरडतंय हे पोलीस कुठे कुठे बघणार. हे ऐकलं की मग काम्प नोउवर, म्हणजे बार्साच्या स्टेडियमवर, मॅचची 17 मिनिटं 14 सेकंद झाले की "इंदिपेंदेन्सिया"चा, म्हणजे स्वातंत्र्याचा, गजर का सुरू झाला ते आपोआप कळतं. 11 सप्टेंबर 1714 ला स्पेनच्या राजाच्या सैन्यापुढे बार्सिलोना पडली होती, त्या सालाची ती आठवण.

आता याची दुसरी बाजू. 2010 च्या जूनअखेरीस स्पेनच्या घटनात्मक कोर्टाने कॅटलोनियाच्या स्वायत्ततेच्या कायद्यातली काही कलमं रद्द केली, त्याच्या निषेधाला 10 जुलैला बार्सिलोनाचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. आणि दुसऱ्याच दिवशी, 11 जुलैला, स्पेनने वर्ल्ड कप जिंकला, तोही पुयोल, चावी, पिके, बुस्केत्स या कॅटलान पोरांच्या जोरावर! जिंकल्यावर पुयोल आणि चावी कॅटलोनियाचा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा घेऊन मैदानात फिरले. आता सांगा, यांना कुठल्या रकान्यात टाकायचं?

1 ऑक्टोबर 2017 ला मी इथेच होते. कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावरचं, कोर्टाने बेकायदा ठरवलेलं सार्वमत, लोक आदल्या रात्रीपासून शाळांमध्ये झोपलेले, कारण शाळा म्हणजेच मतदान केंद्रं, आणि सकाळी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मत द्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना फरफटत नेणं चूक होतं, त्याबाबत माझ्या मनात काडीचीही शंका नाही. त्या दिवशी बार्साची मॅच लास पाल्मासशी झाली ती एकही प्रेक्षक नसलेल्या स्टेडियममध्ये. 3-0 जिंकले, पण ते रिकामे स्टँड टीव्हीवर बघवत नव्हते. मतदान साधारण 43 टक्के झालं आणि त्यातल्या 90 टक्क्यांनी "हो" म्हटलं, म्हणजे ज्यांना नको होतं ते बहुतेक घरीच बसले, आणि ते घरी बसलेलेही इथलेच, बार्साचेच. बाहेरून बघणाऱ्यांना हे दिसतच नाही.

म्हणून मला वाटतं, हे समजून घ्यायचं तर काम्प नोउपेक्षा गल्लीतल्या क्लबात जावं. मी बार्सिलोनातल्या ग्रासिया भागात राहते, आमचा क्लब एउरोपा, 1907 चा. 1929 मध्ये स्पेनची लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा टीममध्ये हा होता, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. नोउ सार्देन्या हे छोटंसं मैदान, पांढऱ्या शर्टावर निळा व्ही, आणि पहिल्यांदा गेले तेव्हा मला थेट शाहू स्टेडियमच आठवलं, पाटाकडील विरुद्ध दिलबहार, या कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीम, तीच घशाची वाट लावणारी आरडाओरड, तेच "आपला पोरगा आहे तो" म्हणणं. आमच्याकडे कोल्हापुरात कसं, कोण कुठल्या पक्षाचा ते मॅचनंतर बघू, आधी तालीम.

इथे माझ्या शेजारी एक काका बसतात, साठच्या दशकात दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातून कामासाठी आलेले. स्वातंत्र्याला त्यांचा ठाम विरोध, स्पेन तुटलेला त्यांना सहनच होणार नाही. त्यांची नात एस्तेलादा, म्हणजे चांदणीवाला स्वातंत्र्याचा झेंडा, खांद्यावर घेऊन येते. 2017 च्या त्या हिवाळ्यात घरात जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं म्हणे, पण मॅचला मात्र दोघं एकत्रच यायचे. अजून येतात. गोल झाला की काका कॅटलानमध्ये ओरडतात, नात त्यांच्या गळ्यात पडते आणि तो झेंडा दोघांच्या मध्ये चुरगळतो.