पोरीला ठेवायचं कुठं?

दसरा झाला की बीड जिल्ह्यात गावोगावी ऊसतोडीच्या टोळ्या बांधायची गडबड सुरू होते आणि त्याच पंधरा-वीस दिवसांत आमचे फोन सगळ्यात जास्त वाजतात. मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेऊन झालेली असते, कारखान्याची गाडी कधी येणार ते ठरलेलं असतं. ज्या घरात वयात आलेली पोरगी आहे, तिथं मात्र एक विषय काही केल्या मिटत नाही: हिला ठेवायचं कुठं?

मी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. गेल्या हंगामातली एक केस सांगते. गावाचं, शाळेचं, पोरीचं नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 ते लिहू देत नाही, आणि कलम नसतं तरी मी लिहिलं नसतं.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातून सकाळीच फोन आला. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कुणीतरी कळवलं होतं: मुलगी दहावीत आहे, आज हळद, उद्या मुलाच्या गावी लग्न. कळवणारा कोण, हे आम्ही विचारत नाही. गावात राहून असा फोन करायला काय लागतं ते मला माहीत आहे.

तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं, म्हणजे हा काढीव मुहूर्त. एरवी तुळशीच्या आधी कुणी लग्नाचं नाव काढत नाही, पण ऊसतोडीच्या गाड्या तुळशीसाठी थांबत नाहीत. फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचलही अर्धीच. त्यामुळं टोळी निघायच्या तोंडावर पोराचं लग्न उरकायची घाई मुलाकडच्यांनाही असते.

ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. ते तालुक्याला मीटिंगला होते, लगेच निघतो म्हणाले. पोलीस ठाण्यात कळवलं आणि मी आधी शाळा गाठली. वयाचा कागद हातात नसताना लग्नघरी जायचं नाही, हा आमचा नियम आहे.

मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण जन्मतारीख अंकी आणि अक्षरी स्वच्छ होती. पंधरा वर्षं पूर्ण, वर काही महिने. त्यांनी उतारा लिहायला घेतला आणि वर्गशिक्षिकेनं माझ्यापुढं हजेरीपट ठेवला. "हे बघा ताई," म्हणाल्या. टोळीला जाणाऱ्या घरच्या मुलांच्या ओळी डिसेंबरपासून मार्चपर्यंत गैरहजेरीच्या लाल शाईनं भरलेल्या असतात. आदल्या वर्षीच्या पटात हिची ओळ मात्र अखेरपर्यंत हजेरीनं भरलेली होती. पोरगी आजीजवळ राहायची, गणितात वर्गात पहिली यायची. "आजी आषाढात गेली," बाई म्हणाल्या. या घरात लग्न का निघालं ते मला तिथंच, हजेरीपटासमोर कळलं.

लग्नघरी दारात छोटा मांडव पडला होता. मागच्या अंगाला आचाऱ्यानं चूल पेटवली होती, बुंदीचा घाणा चालू होता. पोलिसांना मी जरा मागंच थांबायला सांगितलं. वर्दी दारात दिसली की घरातला माणूस बोलायचा बंद होतो.

"साखरपुडा हाय ताई, लगीन कुठंय?" पोरीचे वडील म्हणाले. मग मोबाईलवर आधारकार्ड दाखवलं. त्यावर 1 जानेवारी ही तारीख, आणि त्या हिशेबानं पोरगी अठराची भरत होती. आमच्या भागात अशा 1 जानेवारीच्या तारखा घरोघर सापडतात. पण वय ठरवायला कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधारकार्ड त्यात येत नाही. मी शाळेचा उतारा पुढं धरला तसे ते खाली बसले.

तेवढ्यात ग्रामसेवक आले आणि 2006 च्या कायद्यात काय आहे ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. लग्न ठरवणारे, लावणारे, होऊ देणारे सगळेच त्यात येतात. आचाऱ्यानं तिथल्या तिथं चुलीतली लाकडं ओढली. मांडववाला दोऱ्या सोडायला लागला.

आई मात्र जागची हलली नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "पहाटं चारला फडात जावं लागतंय. रातच्याला गाडी भरायला बी आमीच. ही कोपीवर एकटी. कुणाच्या भरवशावर ठिवू? गेल्या साली शेजारच्या कोपीतल्या पोरीचं काय झालं ते म्या ह्या डोळ्यानं बघितलंय. लगीन लावलं तर निदान हक्काचं माणूस तरी राहील संगं."

शेजारच्या कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, काय झालं ते मी माणसांत विचारलं नाही. नंतर विचारलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. या बाईला 'मुलीची वैरीण' म्हणणारी माणसं मला भेटतात तेव्हा माझा तोल जातो. तिच्या परीनं ती पोरीचं रक्षणच करत होती. चुलीपासून रस्त्यापर्यंत नजर टाकली तरी तिला दुसरा आसरा दिसत नव्हता. घरावर लाखाची उचल होती. तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपये झाला, तरी दोघांनी मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडला तर सव्वासातशेच्या आसपास पडतात. म्हणजे उचल फिटायलाच साडेचार महिने. पोरीसाठी एकानं गावात मागं राहायचं म्हटलं तर हिशेबच बसत नाही.

पोरीशी मी अंगणवाडीत बोलले, सेविकाताई सोबत होत्या. हाताला, मानेला हळद तशीच होती. तुझ्या मनात काय होतं, असं विचारलं तर तिनं जे सांगितलं त्यावर मला काही बोलता येईना. "नाही म्हणले असते तर पप्पा संगं नेणार होते. तिकडं गेलं तरी शाळा सुटणार, लगीन झालं तरी सुटणार. मग पप्पाला कशाला ताप द्यायचा?" एवढं बोलून तिनं लगेच पुढं विचारलं, "भावाचं काय करणार तुम्ही?" भाऊ सहावीत. आजी गेल्यापासून त्याचं सगळं हीच करत होती, असं सेविकाताई म्हणाल्या.

मुलाकडचा चुलता दुपारी मोटारसायकलवर आला. बस्ता झाला, पत्रिका वाटल्या, खर्च कोण देणार, म्हणून त्यानं आवाज चढवला. त्याच्याशी जमादारसाहेब बोलले. पंचनामा, जबाब, वडिलांचं हमीपत्र असं करता करता दिवस मावळायला आला.

ज्या मुलीचं वयाआधी लग्न होण्याचा धोका आहे ती कायद्यानं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते. तिला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढंही हजर करता येतं. आम्ही तेच केलं. पोरगी रात्री बीडला बालगृहात राहिली, आईला आमच्या एका कार्यकर्तीनं घरी नेलं. दुसऱ्या दिवशी समिती पोरीशी एकटीशी बोलली, मग आईवडिलांशी. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं लिहून घेऊन तिला आईच्या ताब्यात दिलं, आणि तिच्या राहण्याची सोय करून तसा अहवाल द्या असं आम्हाला सांगितलं.

लग्न थांबवल्याची बातमी होते, फोटो येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, परभणीत 48 टक्के, आणि अख्ख्या राज्याचा आकडा 21.9. या आकड्यांपुढं आम्ही थांबवलेली लग्नं किती, हा प्रश्न मला कायम पडतो. पण त्याहून मोठी धास्ती असते ती थांबवलेल्या लग्नाच्या पुढच्या आठवड्याची. गाडी दारात येते, आईबाप जातात, आणि पोरगी जिथं होती तिथंच उभी असते. मग तेच लग्न चार गावं सोडून, कुणाच्या तरी शेतात, रात्रीतून लागतं. म्हणून लग्न थांबलं की त्याच दिवशी बिछान्याची सोय शोधायला लागायचं, असं मी आता आमच्या नव्या मुलींना शिकवते.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली. त्यातल्या जवळच्या मुलींच्या वसतिगृहात जागा होती. पण आईवडील ऊसतोड कामगार असल्याचा दाखला हवा होता आणि तो ग्रामसेवकानं द्यायचा असतो. परवा लग्न मोडायला आलेल्या माणसाच्या दारात वडील कसे जातील, याची मला काळजी होती. ग्रामसेवकच दाखला लिहून घेऊन त्यांच्या घरी गेले. भावाची सोय गावातल्याच शाळेच्या हंगामी वसतिगृहात लागली.

टोळी निघाली त्या दिवशी आईनं वसतिगृहात येऊन पोरीचा पलंग, कुलूप, न्हाणीघर सगळं बघितलं. दाराची कडी दोनदा लावून बघितली. रात्री इथं बाईमाणूस कोण असतं, तिचा नंबर द्या, म्हणाली. नंबर घेतला, पाठ केला, आणि मग गेली.

जानेवारीत वडिलांचा फडातून फोन आला. मला वाटलं, मुलाकडच्यांनी परत काही काढलं. तसं नव्हतं. त्यांच्या भावाची पोरगी सातवीला आहे, पुढच्या साली तिचीही सोय होईल का, असं विचारत होते. टोळीत अजून तीन घरच्या पोरी आहेत, त्यांचे बाप इथं शेजारीच उभे आहेत, म्हणाले. मी एकेकाशी बोलून नावं, वर्ग आणि शाळा लिहून घेतली. आता भादव्यातच, उचल वाटली जायच्या आधी, सेविकाताई आणि ग्रामसेवकांना घेऊन मी त्या गावात बसणार आहे. टोळीला जाणाऱ्या प्रत्येक घरातली बाराच्या वरची पोरगी कुणाजवळ राहणार, ते नावानिशी लिहायचं आहे. जिच्यापुढची जागा कोरी राहील तिचा वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी भरायचा.