वाचून दाखवलं, अर्थ सांगता आला नाही

2 नोव्हेंबर 2004. अलाबामातल्या हंट्सव्हिलला मतदान केंद्रावर टेबलाशी बसायची माझी पहिलीच वेळ. अमेरिकेचा अध्यक्ष बुश की केरी, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं.

दुपारी पंचाहत्तरीच्या एक कृष्णवर्णीय आजी आल्या. यादीत नाव सापडलं, सही झाली. पण मतपत्रिका घेऊन त्या तिथेच थांबल्या. बोट राज्यघटनेच्या दुरुस्ती क्रमांक 2 वर.

"बाळा, इथे पोल टॅक्स लिहिलंय. परत आणतायत का गं?"

माझ्या पोटात कालवलं. खरं तर उलट होतं. अलाबामाच्या 1901 च्या राज्यघटनेत वंशानुसार वेगळ्या शाळा आणि पोल टॅक्स, म्हणजे मतदानाचा कर, हे दोन्ही तसेच छापलेले होते. 1966 मध्ये न्यायालयांनी तो कर कायमचा बंद केला, पण मजकूर राहिला. तो काढायचा का, हा प्रश्न होता. आणि तो विचारला होता कलमांच्या आकड्यांनी भरलेल्या एका लांबलचक वाक्यात, ज्याच्या अगदी शेवटी 'पोल टॅक्स'!

केंद्रावर बसलेल्यानं अर्थ सांगायचा नसतो. मी म्हटलं, "आजी, वाचून दाखवते, पुढे बोलता येणार नाही मला." सावकाश दोनदा वाचलं. त्या ओठांनी शब्द पुटपुटत होत्या.

मग म्हणाल्या, "आई एक्केचाळिसाव्या वर्षी नाव नोंदवायला गेली. वर्षाला दीड डॉलर, वीस वर्षांची थकबाकी. तीस डॉलर! धुणी धुऊन कुठून आणणार? तशीच परत आली."

माझ्या आजीनं 1952 साली वाईत पहिलं मत दिलं, एक छदामही न भरता. ते मला तेव्हा आठवलं, पण मागे रांग होती.

दुरुस्ती पडली. जवळपास 14 लाख मतांत फरक 1,850 चा, फेरमोजणीनंतरही निकाल तोच. त्याच दुरुस्तीत शिक्षणाचा हक्क नाकारणारा मजकूरही काढायचा होता, त्यावरून 'न्यायालयं कर वाढवतील' असा प्रचार झाला होता. पण तेवढंच कारण, असं मी मानत नाही. 'मत देण्यासाठी पैसे घ्यायचा जुना नियम घटनेतून काढायचा का?' इतकं सरळ छापायला काय हरकत होती? आजींसारखे किती जण ते दोन शब्द वाचून दचकले असतील!

2012 ला पुन्हा प्रयत्न झाला, तोही पडला. मजकूर गेला तो 2022 मध्ये.